काशाप्पाच्या खड्ड्यातली कुऱ्हाड

पोरांनो, ही ऐकीव गोष्ट नाही. आपल्या काशाप्पावर गुदरलेली आहे.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरचा पाचवा हिवाळा, पौषातली अमावास्या. जेवण झाल्यावर काशाप्पा बायकोला, अनसाबाईला, म्हणाला, ओढ्यावर खोरं राहिलंय, घेऊन येतो.

खजुरीच्या ओढ्याकाठी तेव्हा विलायतेचे आणि पुण्याचे साहेब मिळून आदिमानवाच्या खुणा शोधत होते. प्रत्येक गड्याला एकेक खड्डा नेमून दिलेला. ज्याच्या खड्ड्यात वस्तू सापडेल, तो पुढच्या तळावर मुकादम. काशाप्पाला महिनाभर नुसती मातीच लागली. आणि त्या संध्याकाळी त्याच्या मेहुण्याला, सिद्धरामला, दगडी कुऱ्हाड सापडली. सकाळी मोजमाप होईपर्यंत हलवायची नाही म्हणून साहेबानं तिच्यावर पाटी पालथी घालायला लावली. घरी अनसाबाईनं भावासाठी कौतुकानं गव्हाची गोड हुग्गी रांधली. काशाप्पाच्या घशाखाली ती उतरेना.

"म्या काय कमी खणलं?"

"त्याच्या हाताला यश हाय," ती म्हणाली.

जळला तो. घरच्याच माणसावर जळला.

खोरंबिरं काही राहिलं नव्हतं. सिद्धरामच्या खड्ड्यात उतरून त्यानं पाटी सारली, कुऱ्हाड धोतराच्या सोग्यात बांधली. आता ती आपल्या खड्ड्यात पुरायची, एवढंच काम. तो वळला.

टक...

आवाज त्याच्याच खड्ड्यातून आला.

टक... टक...

दगडावर दगड.

सिद्धरामच असणार. त्यानं वाकून पाहिलं. चांदण्यांच्या अंधुक उजेडात कुणीतरी उकिडवं बसलेलं. मान खाली.

"कोण हाय?"

आवाज थांबला.

एक हात वर आला. पसरलेला.

काशाप्पानं सोगा सोडला... कुऱ्हाड त्या हातावर ठेवली. बोटं मिटली.

तो पळाला.

सकाळी सिद्धरामची कुऱ्हाड पाटीखाली, जागच्या जागी. आणि काशाप्पाच्या खड्ड्यात दुसरी, तिच्याहून देखणी. भीती विसरून तो हरखला. मेहुण्याचं उतरलेलं तोंड त्यानं डोळे भरून पाहून घेतलं.

विलायतेच्या साहेबानं धारेवर अंगठा फिरवला. कापला. पुण्याचे साहेब म्हणाले, "धार ताजी आहे, ही रात्रीच घडवलीय. आम्हाला फसवतोस?" त्याच घडीला त्याला कामावरून काढलं.

"मला दगड घडवाया येतंय व्हय?" तो म्हणाला. "इथं कुणाला येतंय?"

तो आपल्या खड्ड्यात उतरला.

खड्ड्याच्या तळाशी ताज्या कपच्या अर्ध्या गोलात पडल्या होत्या. मधली, माणूस बसेल एवढी जागा कोरी. काशाप्पानं तिथं हात टेकला.

माती ऊन होती.