पितराला कांद्याचं सूप

"बिनमिठाचं लोणी आहे का?" मी विचारलं, आणि काउंटरपलीकडचा तरुण हसला.

"लोन्यात मीठ कोन टाकते, मॅडम?"

बाहेर भाद्रपदाची भुरभुर होती. केनवडच्या दूध डेअरीत हरीओम मला असा भेटला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि डोळ्यांत नको तितका आगाऊपणा.

"फ्रान्सचे लोक असंच वापरतात. सिनेमात पाह्यलं मी."

"मंग फ्रान्सवाले आमच्या मायसारखेच हाय म्हना की!"

मी हसले. बाबा गेल्यापासून हसण्याची सवय सुटली होती... माझी मीच दचकले.

तो सिनेमा बाबांचा आवडता. फ्रान्समधल्या एका खेड्यातल्या बाईची खरी गोष्ट. नवरा गेल्यावर ती घरातच खाणावळ काढते, आणि तिच्या हातच्या कांद्याच्या सुपासाठी पुढे पॅरिसहून माणसं येतात. आजारपणात बाबांनी तो माझ्या मोबाइलवर कितीदा पाहिला. स्वतः कांदा पिकवणारा माणूस, प्रत्येक वेळी म्हणायचे, "एकदा खाऊन पाह्यलं पाह्यजे."

ते राहून गेलं. आता त्यांचं पहिलं पितर आलं होतं. आमच्याकडे त्या दिवशी गेलेल्याच्या नावानं एका माणसाला पाटावर बसवतात. तो जेवला की गेलेला जेवला. त्या पानात मला ते सूप वाढायचं होतं.

"पितराले सूप?" आई म्हणाली. "कावया बी तोंड फिरवीन."

"कावयाले तू खीर ठेव."

कांदा लोण्यात, मंद आचेवर तपकिरी व्हायला हवा. माझा करपायचा. लोणी संपायचं, मी पुन्हा डेअरीत जायचे — डब्यात सूप घेऊन. हरीओम डोळे मिटून चाखायचा.

"कसं झालं?"

"करपलं."

"खोटं तं बोला कधी!"

"खोटं बोललो तं उद्या कायले येसान तुमी?"

वर घालायचं चीज त्यानं अकोल्याहून आणलं. बर्फात गुंडाळून, एसटीत डबा मांडीवर धरून. त्याची पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. त्या दिवशी त्यानं सूप चाखलं आणि लगेच दुसरा चमचा भरला. डबा पुसून रिकामा केला.

"परवा बाबाचं पितर हाय," मी म्हणाले. "पाटावर तुमी बसा."

त्यानं चमचा खाली ठेवला. "नाई बसनार."

मला वाटलं होतं, हे सूप कुणासाठी आहे ते याला कळलंय. "काहून?"

"वाढाले येतो, भांडे घासतो. पन त्या पाटावर नाई." तो बाहेरच्या पावसाकडे पाहू लागला. "तिथं बसलो तं तुमचा बाप झालो न मी. मंग तुमच्याकडे असं... पाहू कसा?"

"असं म्हंजे कसं?"

"जसं पाहून राह्यलो."

मी नजर खाली घातली नाही. "मंग पाटावर कोन?"

"माहे धनराजमामा. तुमच्या बाबाचे, जगदेवकाकाचे, दोस्तच व्हते."

पितराच्या दिवशी धनराजमामा पाटावर बसले. आईनं खीर, वडे, कढी वाढली. मी सुपाची वाटी ठेवली. मामांनी एक घोट घेतला... आणि थांबले. आईच्या हातातली पळी तशीच. मग मामांनी वाटी तोंडाला लावली, रिकामी केली आणि पुढे केली.

"वहिनी, आनखी."

आईनं पदर डोळ्यांना लावला. वाटी तिनंच भरली.

दारात हरीओम पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. मी त्याच्यासमोर गेले.

"बाबा असते तं त्याहिले इचारलं असतं न तुमी? मंग आता इचारा."

"आता? सगळ्याईसमोर?"

"सगळ्याईसमोर."

त्यानं तांब्या खाली ठेवला. कान लाल झाले होते. "प्रयागकाकू... मले रंजीतासंगं लगन कराचं हाय."

आईनं मामांकडे पाहिलं. मामांनी शांतपणे मिशा पुसल्या.

"वहिनी, आज या पाटावर मी जगदेव हावो. जगदेवकडून हो हाय. पन पोरीले इचारलं का कोनी?"

सगळे माझ्याकडे वळले.

"पोरगी हो म्हनते," मी म्हणाले, आणि हरीओमसाठी पान मांडायला घेतलं.