अकरा फळांचा एक तास

सकाळचा चहा झाला की उज्ज्वला बुरोंडकर कुमक्वॅट खायची. बोराएवढं संत्रं ते. साल गोड, गर आंबट, सालीसकट तोंडात टाकायचं. किती खायची, हे तिच्या मनगटावरचा कंपमापक हाताचं कापरं मोजून सांगायचा. कापऱ्यावरचं औषध त्या सालीतच तयार होई. फलौषध केंद्रानं तिचं रक्त तपासून फक्त तिच्यासाठी ते झाड घडवलं होतं. गोळ्या तिला सोसत नव्हत्या. वर्षभर रोजच्या चार फळांवर तिचं छान चाललं होतं.

त्या सकाळी आकडा आला नऊ.

"परवा सात होता. अहो, झाडाला काय झालंय?"

"झाडाला काय होणार?" दत्ताराम दुखावलाच. तीस वर्षं एसटी चालवलेला हा गृहस्थ गच्चीवरच्या कुंडीची गाडीपेक्षा जास्त निगा राखायचा. माती दोन बोटं सुकली की पाणी, पंधरवड्याला खत, पाखरांसाठी जाळी. त्यानं ऐटीत मोबाइल पुढे केला. "हे बघ, कसं तरारलंय! महिन्यात हातभर वाढलं."

उज्ज्वलानं फोटो डोळ्यांजवळ नेला. दापोलीच्या रोपवाटिकेत तिनं अठ्ठावीस वर्षं कलमं बांधली होती.

"अहो, ही मोठी पानं, हे काटे जंबेरीचे! कुमक्वॅटचं कलम ज्या रानलिंबावर बांधतात तो हा खुंट. तो खालून फुटला की लगेच खुडायचा असतो. तुम्ही त्यालाच लाडावलंत, आणि वरचं कलम उपाशी राहिलं. मग फळात औषध कुठून उतरणार?"

आपल्याच हातानं आपण हिचं औषध मारलं, हे कळल्यावर दत्तारामला रडू आलं. त्यानं केंद्राला फोन लावला. नवं झाड दीड वर्षानं मिळेल, यादी मोठी आहे, असं पलीकडची मुलगी म्हणाली. फांदीवरचा डोळा, म्हणजे कोंब, काढून घरी कलम बांधू नका, औषध कमी-जास्त उतरलं तर जबाबदारी तुमची, हेही तिनं बजावलं.

"झाडावर किती फळं उरलीत?" उज्ज्वलानं विचारलं.

"अकरा. रोज दोन-दोन खा. तोवर मी केंद्रात जाऊन हातापाया पडतो."

"दोन फळांवर मला चमचाही धरवणार नाही. सगळी एकदम खाल्ली तर तासभर तरी हात अगदी स्थिर राहील. तेवढा मला पुरे."

जिना झेपत नाही म्हणून दोन वर्षं गच्ची न पाहिलेली उज्ज्वला एकेका पायरीवर बसत वर पोहोचली. तिनं अकराही फळं चावून खाल्ली आणि अर्धा तास थांबली. हात शांत झाला. मग तिनं कुमक्वॅटच्या जिवंत उरलेल्या फांदीवरून पानाच्या देठासकट एक डोळा काढला, जंबेरीच्या रसरशीत फुटीची साल उभी-आडवी चिरली, डोळा आत सरकवला आणि पट्टी आवळली. खुंट एवढा दांडगा असल्यानं काम सोपं जात होतं, पण हे तिनं नवऱ्याला मुद्दामच सांगितलं नाही. तासाभरात तीन डोळे बांधून झाले. शेवटची गाठ मारताना हात पुन्हा थरथरू लागला.

डोळा जगला तर चार महिन्यांत फळ धरणार होतं. तो जगला की नाही हे कळायलाच तीन आठवडे लागणार होते. तेवढे दिवस दत्ताराम तिला भरवत होता. ती कुरकुरत होती, वरण पातळ झालं म्हणून भांडतही होती, पण रडली एकदाच.

एकविसाव्या दिवशी दोघं पुन्हा गच्चीवर गेली.

"देठाला नुसतं बोट लावायचं," ती म्हणाली. "डोळा जगला असेल तर देठ आपसूक गळतो. मेला असेल तर चिकटून राहतो."

तिनं थरथरतं बोट पुढे नेलं. देठ पडला. खालचा डोळा हिरवा वाटत होता, पण तिची खात्री पटेना. देठ गळला, की आपल्या कापऱ्यानं तुटला?

"दुसरा तुम्ही बघा. तुमचा हात स्थिर आहे."

दत्तारामनं बोट पुढे केलं. ते देठाजवळ जाऊन थांबलं आणि पानासारखं लटलटू लागलं.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच उज्ज्वला खळखळून हसली. "अहो, नक्की कापरं भरलंय कुणाला? मला की तुम्हाला?"