चिलमीतला खडा

ती सिगारेट बोटांत धरायची तर धरा, पण पेटवायची नाही. काडेपेटी इकडे द्या. हं. ही आता माझ्या मांडीखाली राहील, जाताना घेऊन जा. समईचा जोड तिथं उंबऱ्याशीच ठेवा. घासून देईन, तीस वर्षं तेच केलंय. पण आधी सांगा, जोड कुणाच्या देव्हाऱ्यातला? माहीत नाही? सुनीलशेठकडून घेतला, आणि माझा पत्ताही त्यानंच दिला? वा! जनाची नाही तर नाही, मनाची तरी असावी माणसाला. बसा मग. दिवा जरा पुढं ओढा, लाइट आठाशिवाय यायची नाही.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. इथं देवळाली कॅम्पात तेव्हा सुनीलशेठचं लिलावघर होतं. एका जुन्या बंगल्याच्या दिवाणखान्यात महिन्यातून एका रविवारी जुन्या वस्तूंची बोली लागायची. गोऱ्या साहेबांनी मागं टाकलेली घड्याळं, कंदील, ग्रामोफोन, हरणांची शिंगं. मुंबईहून गाड्या भरून गिऱ्हाईक यायचं. मी तिथं वस्तू उजळायला होते. यशोदाबाईचा हात लागला की काळवंडलेलं पितळ सोन्यासारखं दिसतं, असं शेठ लोकांना सांगायचा आणि पगार वाढवायची वेळ आली की त्याला कमी ऐकू यायचं.

त्या भाद्रपदात त्यानं लिलाव नेमका सर्वपित्री अमावास्येला ठेवला. मी म्हटलं, शेठ, पितृपक्षात कोण खरेदी करतं? तर म्हणाला, पितृपक्षात नवं घेत नाहीत, जुन्याला कुठं मनाई आहे? आणि स्वतःच्याच अकलेवर खूश होऊन हसला. अहो, जुनं म्हणजे कुणाचं? मेलेल्या माणसांचंच ना! त्यांच्याच पंधरवड्यात त्यांच्याच वस्तूंवर बोली लावायची, आणि वर हसायचं.

लिलावाआधीच्या सोमवारी सकाळी मी बाजारातून चिंच घेऊन आले तर ओट्यावर लखनचं पोतं पडलेलं. हा लखन शेठचा माणूस. स्टीलचे डबे घेऊन पेठकडच्या डोंगरात पाड्यापाड्यांवर फिरायचा. पुरुषमाणसं दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला गेलेली असली की घरातल्या बायकांना चकचकीत डबा द्यायचा आणि जुनंपानं उचलून आणायचा. पोत्यातून एक चिलीम निघाली. काळ्या दगडाची, वीतभर, तोंडाशी पितळेचं कडं. काजळीनं भरलेली, पण घडण अशी सुरेख की हातातून ठेववेना.

तंबाखू ओढ्याबरोबर तोंडात येऊ नये म्हणून चिलमीच्या आत एक खडा टाकतात, ते मला ठाऊक होतं. आजवर पन्नास चिलमी साफ केल्या असतील. हिलाही टिचकी मारली, बोराएवढा खडा पडला, तो काजळीबरोबर खिडकीतून अंगणात भिरकावला. शेठनं गाड्या लावायला त्याच आठवड्यात दारणा नदीतली दोन ट्रॅक्टर खडी अंगणात पसरली होती. पडला तो खडा त्या खडीत. मी कड्याला चिंच लावली आणि विसरून गेले.

शेठनं ती काचेच्या कपाटात ठेवली. कपाटात साहेबांचे ओढायचे सहा पाइप ओळीनं मांडलेले होते. वाकड्या नळीचे, सरळ नळीचे, एक पांढरा, त्यावर दाढीवाल्याचं तोंड कोरलेलं. त्यांच्या शेवटी ही चिलीम. खाली चिठ्ठी लिहिली, अमक्या राजाच्या शिकारखान्यातली, दोनशे वर्षांपूर्वीची. थापा मारायलाही काही सीमा असते.

मंगळवारी सकाळी मी कपाटाची काच पुसत होते. आत पहिल्या पाइपात राख दिसली. मी स्वतः तो आदल्या दिवशी कापसानं पुसून ठेवला होता. शेठकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं आणि पाइप हातात घेतला. कोमट होता. वास साहेबी तंबाखूचा नव्हता, गावठी तंबाखूचा होता, चिलीम ओल्या फडक्यातून ओढल्यावर येतो तसा.

बुधवारी दुसऱ्या पाइपात राख. गुरुवारी तिसऱ्यात. शेठनं रखवालदार कोंडाजीवर आळ घेतला आणि त्याला काढून टाकला. कोंडाजीनं जन्मात विडी ओढली नव्हती, आणि किल्ली चोवीस तास शेठच्याच कमरेला. मी तसं तोंडावर बोलले, तर म्हणाला, तुम्ही पितळ घासा. गरिबाची नोकरी अशी फुंकरीसरशी जाते बघा!

शुक्रवारी दुपारी एक माणूस आला. पन्नाशीचा, अंगात बंडी, पायांना चिखल, हातात दोन किलोचा नवा कोरा डबा. नाव झिपरू. पेठच्या अलीकडे घाटाखाली त्याचा पाडा. तीन दिवस चौकशी करत इथवर पोचला होता. त्यानं डबा शेठच्या टेबलावर ठेवला. आत काहीही घातलेलं नव्हतं, चिकटवलेला कागदसुद्धा तसाच होता.

"डबा घ्या. आमच्या बाची चिलीम द्या," तो म्हणाला.

त्यानं सांगितलं ते सरळ होतं. बाप पुंजा जाऊन नऊ वर्षं झाली होती. आई कुसाबाई, दोन्ही डोळ्यांनी आंधळी, रोज दिवेलागणीला चिलीम भरून उंबऱ्यावर ठेवायची. ती चिलीम आपोआप लाल व्हायची आणि विझायची. घरात कुणाला त्यात नवल वाटत नव्हतं. चिलीम गेल्यापासून म्हातारीनं अन्न सोडलं होतं. तो आता कुठं जाईल, कुणाकडं आग मागेल, एवढंच बोलायची. अमावास्येला म्हणजे रविवारी चिलीम तिच्या हातात पडली नाही, तर म्हातारी काही राहायची नाही, असं झिपरू म्हणाला.

शेठ काय म्हणाला असेल? रविवारी या आणि बोली लावा. ज्याची वस्तू, त्यानंच बोली लावायची! चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मी गप्प बसले. पोटाचा प्रश्न होता. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

झिपरू जाताना ओट्याशी माझ्याजवळ थांबला. हळूच म्हणाला, "बाई… आत खडा हाय ना?"

मी विचारलं, कसला खडा?

तेव्हा त्यानं सांगितलं. माणूस गेल्यावर ज्या खड्यानं मडक्याला भोक पाडतात तो जीवखडा. माणसाचा जीव दहा दिवस त्यात असतो म्हणतात, दहाव्याला तो नदीत सोडायचा. कुसाबाईनं सोडू दिला नव्हता. सगळा पाडा तिला बोलला, पण तिनं नवऱ्याचा खडा त्याच्याच चिलमीत घातला आणि नऊ वर्षं सांभाळला.

माझी नजर खिडकीबाहेरच्या खडीकडं गेली. आणि मी काय म्हणाले सांगू? म्हणाले, "आहे. होता तसाच आहे."

शेठवर एवढी आग पाखडते ना मी? पण त्या माणसाशी खोटं मीच बोलले. त्यानं मला हात जोडले आणि गेला. डबा टेबलावर तसाच राहिला.

शनिवारी पाचव्या पाइपात राख होती. मग माझ्या ध्यानात आलं. कुणीतरी आपली चिलीम शोधत एकेक तोंडाला लावून बघत होतं, आणि ओळीच्या शेवटी मी रिकामी करून ठेवलेली चिलीम होती. दिवसभर मी अंगणात उकिडवी बसून खडी चाळली. सगळे खडे सारखे. गाड्या येत होत्या, माणसं चाकं वळवून माझ्याकडं बघून जात होती. शेठनं दोनदा हटकलं. मी कानातलं हरवलंय म्हणाले. एक खोटं पचलं की दुसरं आपसूक येतं.

रविवारी सकाळी सहाव्यात राख. अकराला लिलाव सुरू झाला. आभाळ भरून आलं होतं, दिवाणखान्यात भरदिवसा दिवे लावले होते. मागं दाराशी झिपरू उभा. चिलमीची पाळी आली. बोली चढेना, म्हणून शेठला चेव आला. त्यानं ती रिकामी चिलीम दोन्ही मुठींत धरली, गोसाव्यासारखे डोळे मिटले आणि तोंडाला लावली. लोक हसले.

शेठनं ओढ घेतली… आणि चिलमीचं तोंड लाल झालं.

हसणं चालूच होतं. मला मात्र तो वास आला, ओल्या फडक्यातून येतो तो. शेठच्या नाकातून धूर निघाला. डोळे उघडले, ते सगळ्यांवरून फिरत माझ्यावर येऊन थांबले. शेठचा आवाज तुम्ही ऐकलाय, खणखणीत. हा आवाज तो नव्हता. दमलेला, म्हाताऱ्या माणसाचा होता.

"पोरी… माझा खडा कुठं टाकलास?"

मग चिलीम गालिच्यावर पडली आणि शेठ खुर्चीत बसला. आणि लोकांनी काय केलं? टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, खेळ आहे. पुढच्या रांगेतल्या एकानं लगेच दुप्पट बोली लावली. दाराशी झिपरू भिंतीला धरून उभा होता, बापाचा आवाज ऐकून त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ही माणसं टाळ्या वाजवत होती. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी सरळ पुढं गेले, चिलीम उचलली, टेबलावरचा डबा उचलला, झिपरूचा हात धरला आणि बाहेर पडले. शेठनं अडवलं नाही. त्याला घोटभर पाणी हवं होतं, एवढंच तो पुटपुटत होता.

दिवेलागणीला आम्ही पाड्यावर पोचलो. कुसाबाई चुलीपाशी बसली होती, हाडांचा सापळा नुसता. झिपरूनं चिलीम हातात दिली तशी तिच्या तोंडावर हसू आलं. तिनं ती छातीशी धरली. मग कानाशी नेऊन हलवली… आणि हसू गेलं.

"वाजत नाय," ती म्हणाली.

मी पाय धरले आणि सगळं सांगितलं. टिचकी मारल्याचं, फेकल्याचं, झिपरूशी खोटं बोलल्याचं. वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं तरी चिलीम भरली, विस्तव ठेवला, उंबऱ्यावर ठेवली. विस्तव नुसता राख होत गेला. कुणी ओढला नाही. बऱ्याच वेळानं म्हातारीनं माझा हात चाचपून धरला.

"तो तुझ्याकडंच राह्यला, पोरी. शोध त्याला. तू शोधतीस म्हनून मी जेवंन."

आणि जेवली ती. माझ्या शब्दावर जेवली.

नोकरी गेली होतीच. पण मी रोज पहाटे फाटकातून शिरून खडी चाळायचे. एकेक खडा मुठीत धरायचा, गार लागला की टाकायचा. जवळजवळ चार महिने. संक्रांतीच्या आदल्या दिवशी एक खडा हाताला गरम लागला. थंडी अशी की बोटं वळत नव्हती, आणि खडा नुकता चुलीतून काढल्यासारखा. मी रडले तिथंच. घरी आणून झिपरूच्या त्या स्टीलच्या डब्यात ठेवला, झाकणाला सुतळी बांधली, सकाळच्या एसटीनं निघायचं ठरवलं.

सकाळी डबा उचलला तर आत दोन खडे वाजले. सुतळी जशीच्या तशी होती.

पाड्यावर पोचले तर घरात कुणी नाही, सगळे नदीवर. कुसाबाईचा दहावा होता. दहा दिवसांमागं ती झोपेतच गेली होती. झिपरू पाण्याशी उभा, हातात तिच्या जीवखड्याचं फडकं. गाठ त्यानं माझ्यासमोर सोडली. फडक्यात काही नव्हतं.

मी डबा उघडून पुढं केला. त्यानं दोन्ही खडे बघितले, कपाळाला लावले आणि एकदमच पाण्यात सोडले. मला म्हणाला, बाई, फिटलं तुमचं. मी रिकामा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसले. घाट चढताना डबा वाजायला लागला. खड… खड. बरोबर दोन.

तेव्हापासून माझ्याकडंच आहेत. त्या फळीवर, तोच डबा. एकदा भिऊन मी दोघांना दोन डब्यांत ठेवलं होतं. सकाळी दोघंही एकाच डब्यात. पुन्हा वेगळं केलं नाही. मी रोज संध्याकाळी उंबऱ्यावर विस्तव ठेवते. आजच तुम्ही येऊन बसलात म्हणून राहिलाय.

काय म्हणालात? त्या डब्याचं काय घेणार? गोष्टीसकट विकलं तर मुंबईत नाव होईल?

म्हणजे शेठनं त्यासाठी धाडलंय तुम्हाला. समई नुसतं निमित्त. उठा. मुकाट्यानं उठा. नऊ वर्षं आंधळ्या बाईनं जपलेलं, मरून पुन्हा गाठलेलं, ते तुम्हाला काचेच्या कपाटात मांडायचंय? माणूस मेला तरी त्याचं काही त्याचं म्हणून ठेवणार नाही तुम्ही. समया घेऊन जा, मी हात लावणार नाही त्यांना.

आणि ही घ्या काडेपेटी. बघा, माझ्या मांडीखालीच होती, एक काडी कमी झालेली नाही. आता तुमच्या बोटांकडं बघा… सिगारेट निम्मी जळालीय. टाका ती उंबऱ्यावर. नाही, विझवू नका. ओढू द्या त्याला.