सव्वासहाचा गुणाकार

चंद्रावरच्या तळावर लसूणघास असा माजला होता की पाहत राहावं. पानं हिरवीकंच, आणि नत्रमापक यंत्राचा आकडा दर आठवड्याला वर. बत्तीस टक्के प्रथिन! पानांचा रस तापवून त्याचं हिरवं पनीर करायचं, तेच सहा जणांचं मुख्य अन्न. तरीही सहाही जण वाळत चालले होते. आहारतज्ज्ञ कुमुदिनी गावितचं डोकं चालेनासं झालं. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, असलाच हा प्रकार. पण कुत्रंच सापडत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत तिला पृथ्वीला कळवायचं होतं, अन्नाचं यान पाठवा की नको. नको म्हटलं तर पुढचं यान दीड वर्षाने.

"आकडा बघा की, ताई," पिकं सांभाळणारे लतीफ मणेर म्हणाले. तेवढ्यानंही त्यांना धाप लागली. "यान कशाला मागवायचं?"

"यंत्र प्रथिन मोजतं कुठे, लतीफभाई? ते नत्र मोजतं, त्याला सव्वासहाने गुणतं आणि प्रथिन म्हणून सांगतं. खत जास्त झालं की पान सगळ्या नत्राचं प्रथिन करत नाही. उरलेलं नायट्रेट म्हणून साठवतं. पनीर करताना ते पाण्याबरोबर निघून जातं."

"आणि कापणीही तेच यंत्र करतं. आकडा वाढला की घास कमी कापतं," लतीफ सावकाश म्हणाले. "एवढ्यात भागेल, असं त्याला वाटतं."

"म्हणून आपण उपाशी." एवढं कळूनही कुमुदिनीचा गोंधळ सुटेना. "पण तुम्ही खत वाढवलंत कशाला?"

"मी? चिमूटभरही नाही! खताची गोणी इथे कधी आलीय? आपल्या लघवीतला युरिया पाण्यातून जातो, तेवढाच."

"मग तो वाढला कसा? आपलं खाणं तर घटलंय."

बोलता बोलताच तिची नजर स्वतःच्या वाळलेल्या दंडाकडे गेली. प्रथिन कमी पडलं की शरीर स्वतःचे स्नायू जाळतं. त्यातलं नत्र युरिया होऊन बाहेर पडतं आणि टाकीतून थेट मुळांशी जातं. आकडा चढतो, कापणी घटते, आणखी स्नायू जळतात.

"काय झालं, ताई?"

"यान मागवते, आत्ताच. आणि तोवर तुम्ही घास हाताने कापा, यंत्राला विचारू नका." तिला रडू आवरेना. "खत आपणच आहोत, लतीफभाई. इतके दिवस वाटलं, आपण घास खातोय. घासच आपल्याला खात होता."