मास्कमधून विचारलेला प्रश्न

"तुम्हाला कुठे लागलं का? अंगाला, कपड्याला, बुटाला?"

गळती रोखायला आलेल्या पथकातला, पिवळ्या सूटमधला एक माणूस मास्क कपाळावर सरकवून रांगेतल्या एकेकाला हेच विचारत येत होता. काचेच्या कारखान्याच्या मोकळ्या अंगणात सगळे कामगार उभे होते. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, असा हुकूम होता. आत गोदामात फोर्कलिफ्टचा दाता लागून हायड्रोफ्लोरिक ऍसिडचा कॅन फुटला होता. काचेवर नक्षी उठवायला हेच ऍसिड लागतं. दिसायला पाण्यासारखं, पण काच खाऊन टाकतं, तिथे माणसाची काय कथा!

फोर्कलिफ्ट चालवणारे मामा बिचारे खोकत खोकतच त्यावर वाळू टाकायला धावले होते, तेव्हा हाच माणूस ओरडला होता, "वाळू नको! चुना आणा, चुना!"

आता तो तिच्यासमोर आला. ती म्हणजे स्टोअर सांभाळणारी मुलगी. तिची टकळी सकाळी आठला सुरू व्हायची ती भोंगा वाजेपर्यंत, म्हणून अख्खा कारखाना तिला मैना म्हणायचा.

"मला काही नाही हो झालं," मैना म्हणाली. "एक पावती खाली पडली होती, तेवढी उचलली. जराशी ओली होती..."

"कुठल्या हाताने?"

"उजव्या. पण अजिबात दुखत नाहीये."

"म्हणूनच चला," तो म्हणाला, आणि तिचं मनगट धरून जवळजवळ पळवतच तिला नळाशी घेऊन गेला.

पाच मिनिटं पाणी. मग प्रथमोपचाराच्या खोलीत स्टुलावर बसवून त्याने तिच्या बोटांवर कॅल्शियमचं जेल ओतलं आणि चोळायला सुरुवात केली. एका परक्या पुरुषाने पहिल्यांदाच तिचा हात हातात घेतला होता, आणि तोही एकावर एक दोन हातमोजे घालून! मास्कच्या रबराने त्याच्या गालांवर लाल वळ उमटले होते. केस घामाने चिकटले होते. डोळे मात्र... मैनेने चटकन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"किती वेळ चोळणार?"

"दुखायचं थांबेपर्यंत."

"अहो, पण दुखतच नाहीये!"

"मग... दुखायला लागून थांबेपर्यंत."

ती हसली. पण वीसेक मिनिटांनी खरंच दुखायला लागलं. बोटांच्या आत, पार हाडाशी कुणीतरी चिमटा घेऊन पिळतंय, असं. मैना गप्प झाली. तो चोळत राहिला. जेल ओतायचं, चोळायचं, पुन्हा ओतायचं.

"बोला ना काहीतरी," तो हळूच म्हणाला. "तुम्ही गप्प बसलात की मला भीती वाटते."

हे तो ऍसिडबद्दल म्हणाला की... दुखण्यातही तिला प्रश्न पडला.

डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं आणि जेलची ट्यूब देऊन घरी सोडलं. सातच्या सुमाराला फोन आला.

"पथकातून बोलतोय. दुखतंय का? रंग बदलला? मुंग्या येतायत?"

कागदावरून वाचल्यासारखे तीन प्रश्न. तिने तीन उत्तरं दिली आणि वर दहा गोष्टी सांगितल्या. त्याने ऐकून घेतल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा फोन, तेच तीन प्रश्न. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी बोटं अगदी ठणठणीत झाली होती, तरी फोन आलाच.

"कारखान्याच्या नर्सबाई म्हणाल्या, लक्ष ठेवायचं ते चोवीस तास," मैना वहिनीला म्हणाली. "मग हा अजून का विचारतोय?"

वहिनी भाजी निवडत होती. तिने मानही वर केली नाही. "पहिल्या दिवशी फोन केला ती नोकरी. आठवड्यानेही केला तर तो आजार, आणि औषध आपल्या घरात आहे."

"काहीतरीच काय गं वहिनी!"

"मग गाल का लाल झाले? ऍसिड तिथेही उडालं का?"

आठव्या दिवशीही फोन आला. दुसऱ्या दिवशी मैना नुसती हवेत होती. गोदामातल्या नोंदी करता करता गुणगुणत होती. तेवढ्यात मामा खोकत आले आणि सहज म्हणाले, "तो पथकातला पोरगा मोठा गुणी आहे हं. मलाही रोज न चुकता फोन करतो."

"तुम्हालाही?"

"हो तर! सकाळी नऊला. मामा, खोकला कसा आहे, दम लागतो का... आणि मग विचारतो—"

पुढचं ऐकायला मैना थांबलीच नाही. वही आपटून ती तिथून निघाली. म्हणजे मामांचा खोकला आणि आपली बोटं एकाच यादीत! आणि आपण वेड्यासारख्या फोन हातात घेऊन बसतो!

त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"दुखतंय का?"

"नाही."

"रंग..."

"ठीक आहे."

"बरं... आज बोलत नाही तुम्ही."

"काम आहे," मैना म्हणाली. फोन ठेवला आणि मग तासभर त्याच फोनकडे बघत बसली. आपल्याला राग आलाय, वाईट वाटलंय, की आपण त्याच्या पुढच्या फोनची वाट बघतोय, तिचं तिलाच कळेना.

दोन दिवसांनी पथक कारखान्यात सराव घ्यायला आलं. गळती झाली तर कुठे पळायचं, चुना कसा पसरायचा, सूट कसा चढवायचा. "कोण घालून बघतंय?" पथकाच्या प्रमुखांनी विचारलं. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. कुणी पुढे येईना, तेव्हा मामांनी मैनेलाच पुढे ढकललं.

सूट चढवायला नेमका तोच आला. पाय घाला, हात घाला, चेन वर. मग मास्क. मास्क चढला आणि जग लांब गेलं. कानात फक्त स्वतःचाच श्वास... घुर्र, घुर्र. समोरची काच वाफेने धूसर झाली. त्यानेही मास्क लावला होता. तिच्या मानेजवळचा पट्टा ओढता ओढता तो थांबला, खाली वाकला आणि काहीतरी म्हणाला. तिला शेवटचे दोनच शब्द ऐकू आले.

"...झालेत का?"

पट्टे घट्ट झालेत का, असंच विचारत असणार. मैनेने जोरात मान डोलावली. हो, हो, झालेत!

त्याचा हात पट्ट्यावरून निसटला. काचेआडून तो क्षणभर तिच्याकडे बघत राहिला, आणि मग सरळ मागे जाऊन रांगेत उभा राहिला.

त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मामांना मात्र सकाळी नऊला येतच होता.

"सुटले एकदाची," मैना वहिनीला म्हणाली, आणि जेवणाचं ताट तसंच ठेवून उठली.

पाचव्या दिवशी दुपारी स्टोअरचा फोन वाजला. ऍसिडची नवी पिंपं घेऊन त्यांच्याचकडे येणारा ट्रक घाटाखालच्या वळणावर कलंडला होता. ड्रायव्हर धडधाकट होता, पण दोन पिंपं गळत होती. पथक पोचलंय, माल आज येणार नाही, एवढं सांगून समोरच्याने फोन ठेवला.

पथक पोचलंय.

मैनेने स्वतःचा फोन काढला आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा नंबर लावला. पलीकडून उस्तादांचा दणदणीत आवाज आला. "कोण? पोरांचे फोन माझ्याकडे असतात. तो आत गेलाय."

"आत म्हणजे..."

"गळतीपाशी. पिंपाला बूच मारतोय. तुम्ही कोण?"

"मी काचेच्या कारखान्यातून... माझ्या बोटांना ते..."

"अच्छा, मैना!" उस्ताद म्हणाले, मग बाजूला ओरडले, "पाण्याचा दाब वाढवा रे!" आणि पुन्हा फोनवर आले. "अहो बाई, तुम्हाला त्याचे फोन नकोत ना? मग तुम्हीच कसा केलात?"

"मी कधी म्हटलं नकोत?"

"सरावाच्या दिवशी. त्याने विचारलं, माझे फोन नकोसे झालेत का? तुम्ही मान डोलावलीत म्हणे, चांगली जोरात. तेव्हापासून पोरगं अन्न चिवडतंय."

"मला वाटलं, पट्टे... पट्टे झालेत का म्हणून! आणि मास्क लावून का विचारायचं असलं काही?"

"मास्क लावल्याशिवाय त्याला धीरच होत नाही," उस्ताद म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "पाठीवरच्या नळकांड्यात हवा अर्ध्या तासाचीच असते. बावीस मिनिटं झालीत. फोन बंद करू नका, वाटलं तर."

त्यांनी फोन कुठेतरी पत्र्यावर ठेवला. खट्. पाण्याचा फवारा, पळणारे बूट, "चोवीस!" अशी आरोळी. मैनेने फोन कानाशी इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला. मामा दारात येऊन उभे राहिले. तिचा चेहरा बघून त्यांना काय समजायचं ते समजलं.

"त्या दिवशी तू ऐकूनच घेतलं नाहीस," ते हळूच म्हणाले. "माझ्या खोकल्याचं एक वाक्य झालं की पुढे सगळं तुझंच असतं. मैना आल्या का, जेवल्या का, आज हसल्या का..."

"सव्वीस!" पलीकडून आरोळी आली.

मैनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने ते पुसलंही नाही.

"अठ्ठावीस! आला, आला! धुवा त्याला आधी!"

मग फक्त पाणी, बराच वेळ. शेवटी धापा टाकत एक ओळखीचा आवाज आला. "हॅलो?"

"मी पट्ट्यांना हो म्हटलं होतं," मैना म्हणाली. "फोनना नाही."

पलीकडे उस्ताद खो-खो हसत होते.

संध्याकाळी भोंगा झाला तेव्हा तो फाटकाबाहेर उभा होता. साधा निळा शर्ट, ओले केस, गालांवर ताजे वळ. मास्क नव्हता, त्यामुळे धीरही नव्हता. दोघं कुंपणाच्या कडेने चालायला लागली. तो घसा खाकरून तीनदा सुरू झाला आणि तीनदा थांबला.

"सांगा ना," मैना म्हणाली. आज टकळी तिचीही बंद होती.

"मला काही नीट बोलता येत नाही. पाच दिवस मला सुचत नव्हतं काय करावं. आज आत असताना बूच बसेना, तेव्हा एकच विचार आला. आपण नीट विचारलंच नाही... की तू माझ्याशी—" तो दचकून थांबला. कानापर्यंत लाल झाला. "सॉरी. म्हणजे, तुम्ही..."

मैनेने त्याचा हात धरला. उघडा, पाण्यात राहून सुरकुतलेला, थंडगार हात.

"राहू दे ना," ती म्हणाली. "तूच म्हण."