हाय, नाय आणि सुपारी

"तुमचा बोर्ड खोटं बोलतोय."

सुगंधा सावेनं हेल्मेट काढलं आणि आवाज आला तिकडे पाहिलं. मनोरजवळ हायवेला लागून असलेल्या त्या कार्टिंग ट्रॅकवर रविवारी सकाळी बोईसरच्या एका कारखान्याची सहल आली होती. बाकीचे पंचवीस जण छोट्या गाड्या एकमेकांवर आदळून खिदळत होते. हा मात्र टायरांच्या कठड्याला टेकून उभा होता. हातात स्टॉपवॉच.

"बोर्ड कशाला खोटं बोलंल?"

"बोर्डानं तुमची फेरी अठ्ठावीस पॉइंट चारची दाखवली. तुम्ही सत्तावीस पॉइंट नऊमध्ये आलात. सहा फेऱ्या मोजल्या मी. दर वेळी अर्ध्या सेकंदाचा फरक आहे. त्याचं घड्याळ पळतंय."

"आणि तुमचा अंगठा चुकत नाय वाटतं?"

"चुकतो. एखाद-दोन दशांशानं. अर्ध्यानं नाही."

सुगंधानं भिंतीकडे पाहिलं. तिथे गेल्या वर्षीचा विक्रम रंगवलेला होता — एका मुलाचा, अठ्ठावीस पॉइंट एक. नंतर बोर्ड दुरुस्त होऊन आला, आणि तेव्हापासून ती त्या आकड्याखाली जाऊ शकली नव्हती. दोन महिने ती स्वतःलाच शिव्या घालत होती.

"म्हणजे ते भिंतीवरचं..."

"ते आज सकाळपासून तुम्ही चार वेळा मोडलंय," तो म्हणाला. मग स्टॉपवॉच शून्यावर आणत — "नाव काय तुमचं?"

"सुगंधा."

तिच्या अंगावरच्या सूटला पेट्रोलचा आणि जळक्या रबराचा वास येत होता. त्याचे ओठ जरासे हलले.

"हसा. सगळेच हसतात. आजीचं नाव हाय."

"मी हसलो नाही."

"पोटात हसलात. दिसलं मला."

त्याचं नाव अक्षय. तारापूरच्या कारखान्यांत फिरून दाबाची, तापमानाची मीटरं खरं बोलतात की नाही, हे तपासणं त्याचं काम. वडील परभणीहून इथे नोकरीला आले, हा सरावलीत वाढला. "मीटरं तपासता, आणि माणसं?" असं तिनं विचारलं, तेव्हा तो स्टॉपवॉच खिशात टाकत म्हणाला, "माणसांचं अजून शिकतोय."

पुढच्या रविवारी तो पुन्हा आला. या वेळी सहल नव्हती.

*

सुगंधा एडवणची. घरची वाडी — नारळ, सुपारी, पानवेली. पंधराव्या वर्षी बाबांबरोबर टेम्पोतून शहाळी पोचवायला ती या ट्रॅकवर आली. बाबा, म्हणजे दिनानाथ सावे, शहाळी मोजून देईपर्यंत ही एका रिकाम्या कार्टमध्ये जाऊन बसली होती. त्या गोष्टीला आता सात वर्षं झाली. राज्य स्पर्धा झाल्या, राष्ट्रीय झाल्या. एकदा तिला मुलींच्या गटाचा वेगळा चषक देऊ केला, तो तिनं मंचावरच परत केला. "रस्ता एकच होता ना? मग कप दोन कशाला?" एवढंच बोलून ती खाली उतरली होती.

अक्षय तिच्या फेऱ्या मोजायचा, वहीत लिहायचा आणि गोड बोलायचा नाही. "चौथ्या वळणावर ब्रेक लवकर लागतोय." "काल वारा पाठीमागून होता, त्यात तुझं कौतुक नाही." ती चिडायची. पुढच्या फेरीत ब्रेक उशिरा लावायची. मग हेल्मेटची काच वर करून विचारायची, "आता?"

"आता बरं आहे."

"बरं? येवढंच?"

"खूप बरं आहे... पण दोन दशांश अजून शिल्लक आहेत."

ती त्याला 'पुस्तक' म्हणायची, कारण तो कायम आहे-नाही बोलायचा. "आमच्या एडवणात येऊन आहे-आहे करशील तर कुत्री मागं लागतील तुझ्या," ती सांगायची. संध्याकाळी तो मोटारसायकलवरून वाडीत यायचा. दिनानाथ त्याला शहाळं द्यायचे आणि हा रोज कशाला येतो, हे विचारायचं टाळायचे.

त्या हिवाळ्यात केळव्याचे पाहुणे तिला बघायला आले. चहा झाला, तबकात सुपारी आली. ती फुटली की लग्न ठरलं, अशी रीत. मुलाच्या मामांनी अडकित्ता हातात घेतला आणि हसत विचारलं, "लग्नानंतर ते गाड्या पळवायचं बंद ना?"

सुगंधानं तबकातली सुपारी उचलली आणि मुठीत घेतली.

"ही आमच्या वाडीतली हाय," ती म्हणाली. "ज्यासाठी आणली ते होणार नाय. चहा अजून देऊ?"

पाहुणे गेले. दिनानाथ दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सुपारी परत ठेव. बियाण्याची होती." तिनं ती ठेवली नाही. रेसिंग सूटच्या आतल्या खिशात शिवून टाकली.

*

उन्हाळ्यात निमेशभाई नावाच्या एका मालकाच्या संघानं तिची चाचणी घेतली. संघ स्पोर्ट्स कारच्या शर्यतींतला. बंद छपराची गाडी, कार्टच्या कितीतरी पट ताकद. पहिल्याच दिवशी संघातला एकजण म्हणाला, "फोटोला चांगली आहे." सुगंधानं ते ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यापेक्षा एक सेकंद कमी वेळ नोंदवली. फोटोला मात्र ती थांबली नाही.

निमेशभाईंनी तिला एका मोसमासाठी घेतलं. पुढच्या वर्षाची व्यावसायिक जागा एकच होती. ती कोणाला द्यायची, हे मोसमाच्या शेवटी ठरणार होतं. सुगंधाची एकच अट होती. बंद गाडीतून बाजूचं नीट दिसत नाही, म्हणून संघाचा एक माणूस उंचावर उभा राहून रेडिओवर सांगतो — शेजारी गाडी आहे की नाही. "तो आवाज मी निवडणार," ती म्हणाली. अक्षयनं कारखान्यातल्या सुट्ट्या जमवल्या.

चुकलं ते तिसऱ्या शर्यतीत, कोइम्बतूरला. सुगंधा चौथी होती. सातव्या वळणावर ती बाहेरून तिसऱ्या गाडीच्या पुढे निघाली. आता फक्त आत वळायचं बाकी होतं.

"आत कोणी हाय?" तिनं विचारलं.

रेडिओत खरखरलं. तिला ऐकू आलं — "हाय!"

तिनं जागा सोडली. गाडी रुंद गेली. आतून ती गाडी परत पुढे गेली, मागोमाग आणखी दोन. ती सहावी आली.

गॅरेजमागे तिनं हातमोजे जमिनीवर टाकले. "आत कोणीच नव्हतं! तू हाय म्हणालास!"

"मी 'नाय' म्हणालो."

"हाय म्हणालास. घाबरलास तू. मला सांभाळायला गेलास!"

अक्षयनं ध्वनिमुद्रण तीनदा वाजवलं. इंजिनाच्या आवाजात पहिलं अक्षर बुडालं होतं. उरलं होतं नुसतं — "...आय!"

"मला सांभाळणारे गावात ढीगभर हायत," ती म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "मला दिसंल ते सांगणारा पायजे. तेवढ्यासाठी तुला आणला."

"दिसलं तेच सांगितलं." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पण 'नाही' म्हणायला हवं होतं मी. नाही हा शब्द आवाजात बुडाला नसता."

"मग नाय कशाला म्हणालास? तुझ्या तोंडात असतं का ते कधी?"

"नसतं."

"मग?"

"सरावलीपासून एडवणपर्यंत मोटारसायकलवर रोज म्हणत येतो. हाय... नाय... आमी... तुमी..." त्याचे कान लाल झाले होते. "तुझं आहे, म्हणून."

सुगंधानं जमिनीवरचे हातमोजे उचलले. त्यांवरची धूळ झटकली.

"येडा हायस," ती म्हणाली.

"आहे."

"आता आहे म्हणतोस!"

*

निमेशभाईंनी निकाल ऐकवला, तोही सरळ. "सुगंधा, आखरी रेसमध्ये पहिल्या तीनमध्ये आली, तर जागा तुझी. नाहीतर नारळ."

ती घरी आली तेव्हा दिनानाथ वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होते. अक्षय पायरीवर वही उघडून बसला. "यापुढे मी आहे-नाही असंच बोलतो," तो म्हणाला.

"नको. 'नाही' ऐकत मोठी झाले मी. त्या शब्दावर गाडी आत घालणार नाय."

"मग दुसरे शब्द शोध. एकमेकांसारखे न वाटणारे."

तिनं आजूबाजूला पाहिलं. "शेजारी गाडी असली तर — नारळ."

"आणि मोकळं असलं तर?"

तिचा हात छातीवर, सूटच्या आतल्या खिशाच्या जागी गेला, पण अंगात घरचा कुडता होता. "सुपारी," ती म्हणाली.

अक्षयनं वहीत लिहिलं. दिनानाथांनी सुपाऱ्या पसरता पसरता दोघांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली.

शेवटची शर्यत पुन्हा कोइम्बतूरला होती, आणि दिनानाथ ती बघायला आले. पहिल्यांदाच. निमेशभाईंनी त्यांना गॅरेजमध्ये खुर्ची आणि कानाला हेडफोन दिला.

शेवटची फेरी. सुगंधा चौथी. तेच सातवं वळण, आणि पुढे तीच तिसरी गाडी. आत जागा नव्हती. ती पुन्हा बाहेरून निघाली.

वर मचाणावर अक्षय दोन गाड्यांच्या छपरांमधल्या फटीकडे पाहत होता. लवकर बोलला तर गाड्या धडकतील. उशिरा बोलला तर वळण संपेल. आयुष्यभर त्यानं काटे वाचले होते, पण हे अंतर सांगणारा काटा नव्हता.

"नारळ," तो म्हणाला. "नारळ... नारळ..."

तिचा पाय हलला नाही.

हातभर फट दिसली.

"सुपारी!"

तिनं मागे पाहिलं नाही, आरशातही नाही. गाडी आत घातली. मागच्यानं ब्रेक दाबला, टायरांचा धूर झाला, आणि सुगंधा सावे तिसरी आली.

रेडिओवर आधी निमेशभाई आले. "जागा तुझी! काय बोलू मी..."

"तो नारळ ठेवलाय ना माझ्यासाठी?" तिला धाप लागली होती. "ठेवा तसाच. पुढच्या वर्षी नव्या गाडीपुढं फोडा."

गाड्या आता संथ चालल्या होत्या. वारा खिडकीच्या जाळीतून आत येत होता. तिनं बटण दाबलं.

"पुस्तक... हायस का?"

"आहे... हाय." घसा खाकरल्याचा आवाज. "सुगंधा, एक विचारायचं होतं. घाई नाही. तू पुढच्या वर्षी चालवणार, त्याच्या पुढच्या वर्षीही चालवणार, ते धरूनच विचारतोय. तुझ्या शेजारी... म्हणजे कायमचं... जागा मोकळी आहे का?"

ती सातव्या वळणावर आली होती. वर मचाणावर तो ठिपक्याएवढा दिसत होता, दोन्ही हातांनी कठडा धरून. तिनं छातीवरच्या शिवणीला हात लावला. आत ती होती, कडक, गोल.

"सुपारी," ती म्हणाली.

गॅरेजमध्ये निमेशभाईंनी कानावरचा हेडफोन दाबून धरला. "ये सुपारी सुपारी क्या है? रेस तर संपली ना?"

दिनानाथांनी आपला हेडफोन काढून मांडीवर ठेवला. उपरण्यानं डोळे पुसले.

"फुटली, निमेशभाय," ते म्हणाले. "एकदाची फुटली."