भिंतीपासून दूर राहा

गावात तिला सगळे भोंगाताई म्हणत. हे नाव पहिल्यांदा कोणी ठेवलं, हे विचारण्यात आता अर्थ नव्हता. दुकानदार तोंडावर म्हणत, पोरं पाठीमागून म्हणत, आणि खुद्द नवराही चिडवायच्या लहरीत असला की तेच म्हणे. कामच तसं होतं. अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावर आपत्ती कक्ष होता, तिथे तिच्या टेबलावर मायक्रोफोन होता आणि त्याची तार गावातल्या खांबाखांबांवरच्या कर्ण्यांपर्यंत गेली होती. नळाला पाणी कधी येणार नाही इथपासून वादळ कुठवर पोचलं इथपर्यंत सगळं गावाला तिच्या तोंडून कळायचं.

आवाज मात्र भोंग्यासारखा अजिबात नव्हता. जाडसर, उबदार, जरासा घोगरा. औषधाच्या दुकानातले म्हातारबाबा तिला म्हणायचे, "बाई, तुम्ही वादळ येतंय म्हणून सांगता आणि मला मात्र कोणीतरी ताट वाढून बोलावल्यासारखं वाटतं." ती हसायची. घरी तिचं कोण ऐकत होतं? नवऱ्याचं बाजारगल्लीत केस कापायचं दुकान होतं. ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, एवढी एक सूचना ती लग्न झाल्यापासून देत आली होती आणि ती कोणी मनावर घेतली नव्हती.

पानगळ सुरू झाली की त्या किनाऱ्यावरचा समुद्र बिथरायचा. उन्हाळाभर निमूट पडून असलेलं पाणी एकाएकी अंगावर येऊ लागायचं. रस्त्याच्या कडेने बांधलेल्या दगडी भिंतीवर लाटा आपटायच्या, फेस थेट दुकानांच्या पायऱ्यांपर्यंत यायचा, आणि बघ्यांना तर तेच हवं असायचं. दरवर्षी कोणी ना कोणी भिंतीवर चढायचं आणि दरवर्षी कोणी ना कोणी वाहून जायचं.

त्या दिवशी दुपारीच आभाळ शिशासारखं झालं. अग्निशमन केंद्राचे प्रमुख हवामान खात्याचा इशारा तिच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, आज जरा दमात घ्या. मागच्या वेळी लोक भिंतीवर उभे राहून फोटो काढत होते."

"दमातच घेते हो साहेब. लोक दमत नाहीत त्याला मी काय करू?"

ते हसत जिना उतरले. तिने घसा खाकरला, बटण दाबलं आणि वाचलं. सर्व नागरिकांना इशारा. मोठ्या लाटा येत आहेत. समुद्राच्या भिंतीपासून दूर राहा. खालच्या वस्तीतल्या लोकांनी ताबडतोब चढावरच्या शाळेत जावं.

खिडकीतून तिला सगळी भिंत दिसायची. भिंतीलगतचा रस्ता, त्याला येऊन मिळणारा चढ, बाजारगल्लीचं तोंड. तिने इशारा दुसऱ्यांदा वाचला तेव्हा रस्त्यावर चारदोन माणसं होती. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा बरीच झाली. हेच ते बघे, असं म्हणून तिने कपाळाला हात लावला. मग तिला दिसलं की त्यांच्यात बाया होत्या, कडेवर मुलं होती, आणि कोणाच्याही हातात फोन नव्हता.

म्हातारबाबाही होते. त्यांच्यामागे दुकान सताड उघडं होतं, दिवा जळत होता, वाऱ्याने औषधांची खोकी रस्त्यावर उडत होती. ते मागे न बघता रस्ता ओलांडून गेले आणि भिंतीवर चढले. गुडघेदुखीमुळे ज्यांना फूटपाथवर चढायला कोणाचा तरी हात लागायचा, ते आज एकटेच चढले. तिथे आधीच एक रांग उभी होती. हात सरळ खाली सोडलेले, तोंडं समुद्राकडे.

पहिली मोठी लाट आली तिचा रंग चिखलाचा होता. ती भिंतीवर कोसळली तेव्हा खिडकीच्या काचा खडखडल्या. पाणी उतरलं आणि रांगेत मधेच मोकळी जागा दिसली. म्हातारबाबा उभे होते ती जागा. कोणी किंचाळलं नाही. दोन्ही बाजूंची माणसं थोडी थोडी सरकली आणि ती जागा भरून निघाली.

तिने मायक्रोफोन दोन्ही हातांनी धरला. कागद बाजूला पडला. मागे फिरा, ती म्हणाली. भिंतीवर उभं राहू नका. मुलांना घेऊन मागे फिरा. तिचा आवाज कर्ण्याकर्ण्यांतून गावभर घुमला, आणि बाजारगल्लीतून, चढावरून, शाळेच्या बाजूने माणसं खाली येऊ लागली. काही धावत होती.

बंबाचा भोंगा वाजवत प्रमुख आपली माणसं घेऊन भिंतीपाशी पोचले. वरून तिला सगळं दिसत होतं. एका जवानाने एका बाईला कमरेला धरून खाली ओढलं, तर तिने त्याच्या मनगटाचा चावा घेतला आणि सोडेना. त्याने तिला दगडावर आपटलं तेव्हा कुठे ती सुटली. मग रक्ताळलेल्या तोंडाने उठली आणि परत भिंतीवर चढली. दुसरी लाट आली. बंब आडवा झाला आणि त्याच्याखाली कोण होतं ते पाणी ओसरेपर्यंत कळलं नाही.

टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला. प्रमुखांचा आवाज होता. "ताई, ते बंद करा. तुम्ही काय बोलताय ते?"

"मागे फिरा, एवढंच सांगतेय साहेब."

"इथे तसं ऐकू येत नाही."

"मग काय ऐकू येतं?"

ते हळू आवाजात म्हणाले, "माझी आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो. तुम्हाला कसं माहीत, ती मला काय म्हणून हाक मारायची?"

"साहेब, मी काही म्हटलेलं नाही. तुम्ही मागे फिरा. ऐकताय ना? तिथून मागे फिरा."

"हो," प्रमुख म्हणाले. त्यांच्या आवाजात एवढं समाधान तिने कधी ऐकलं नव्हतं. "आलोच."

तिने खिडकीतून पाहिलं. त्यांनी शिरस्त्राण काढून रस्त्यावर नीट ठेवलं. मग ते भिंतीवर चढले, आणि थांबलेसुद्धा नाहीत. पलीकडे उतरले.

तिने बटण बंद केलं. यंत्राची वायर भिंतीतून उपटली. कर्णे गप्प झाले. पण माणसं येतच होती, आणि तिला राहवलं नाही. खिडकी उघडून ती खालच्या लोकांवर ओरडली, "अरे, कुठे निघालात? घरी जा." खालची तोंडं वर वळली. पावसात भिजलेल्या त्या चेहऱ्यांवर ओळखीचं हसू आलं आणि ते सगळे झपाझप चालू लागले.

तरीही तिच्या ध्यानात आलं नाही. असलं काही ध्यानात कसं येणार?

जिन्यात पावलं वाजली. खालच्या जनरेटरच्या खोलीतला वायरमन वर आला. तिथल्या गोंगाटासाठी कानांवर घालायची जाड झाकणं अजून त्याच्या कानांवर होती. त्याने उपटलेली वायर पाहिली, झाकणं काढून गळ्यात घेतली आणि वैतागून म्हणाला, "हे काय करून ठेवलंत, ताई?"

"लोक वेड्यासारखे खाली चाललेत हो," ती म्हणाली. "तुम्ही दार लावून घ्या आणि इथेच थांबा."

वायरमनच्या कपाळावरची आठी मिटली. त्याने हातमोजे काढले, टेबलावर ठेवले. "हो, हो," तो म्हणाला, "निघालोच," आणि जिना उतरू लागला.

कर्णे बंद होते. वायर जमिनीवर पडली होती. ती बोलली तेव्हा खोलीत ते दोघेच होते.

तिने तोंडावर हात दाबला.

मग तिला बाजारगल्लीच्या तोंडाशी तिचा नवरा दिसला. दुकानातला पांढरा कोट अंगात, खांद्यावर फडकं. त्याच्यामागून त्याचं गिऱ्हाईक येत होतं, गळ्यात कापड बांधलेलं, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावरचा साबण पावसाने ओघळत होता.

ती जिना कसा उतरली ते तिला कधीच आठवलं नाही. खालच्या खोलीत भिंतीवर अवजारं टांगलेली होती. पाण्याचे मोठे नळ फिरवायचा हातभर लांबीचा लोखंडी पाना तिने ओढून काढला आणि ती रस्त्यावर आली. वारा तोंडावर मुठी मारत होता. उडालेले पत्रे डांबरावर घासत जात होते. माणसं तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे जात होती, धक्का लागला तर "सॉरी हं" म्हणत होती.

चढ संपतो तिथे तिने नवऱ्याला गाठलं. ती दोन्ही हात पसरून आडवी झाली. त्याने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं, लग्नाच्या पहिल्या वर्षी बघायचा तसं.

"आलो ना गं," तो म्हणाला. "किती हाका मारायच्या माणसाला."

त्याने तिला अलगद बाजूला केलं.

"अ," तिच्या तोंडून निघालं. अहो म्हणायची सवय एवढ्या वर्षांची. तेवढ्यानेच त्याचे डोळे उजळले आणि तो पळू लागला.

तिने ओली बाही फाडून तिचा बोळा दातांत कोंबला, त्याच्यामागे धावली आणि पाना फिरवला.

गुडघ्याच्या मागच्या बाजूला बसला. तो पडला. ओरडला मात्र नाही. उठायला लागला.

तिने पुन्हा मारलं, नडगीवर. या वेळी हाड मोडल्याचं तिला हातात कळलं.

तो कोपरांवर सरपटू लागला. समुद्राकडे. डांबरावर त्याच्या पायामागे लाल रेघ उमटत होती आणि पाऊस ती पुसत होता.

ती त्याच्या पाठीवर बसली. त्याचे केस धरून त्याचं तोंड रस्त्यावर दाबलं. त्याने नखांनी तिचे पाय फाडले. ती रडत होती, पण आवाज न करता.

अर्धी दाढी झालेला माणूस त्यांना ओलांडून गेला.

मग भिंतच फुटली.

संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा बाहेरगावच्या तुकड्यांना ते दोघे एका खांबाला अडकलेले सापडले. तिचे दात बाहीतून काढायला दोघांना जोर लावावा लागला. भिंतीजवळच्या गल्ल्यांत हाक मारायला कोणी उरलं नव्हतं.

चौकशी झाली. आपत्ती कक्षातली प्रत्येक सूचना आपोआप ध्वनिमुद्रित होत असे आणि ते यंत्र धडधाकट होतं. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने कानांना इअरफोन लावून सगळं शेवटपर्यंत ऐकलं. शब्द न् शब्द बरोबर आहे, असं त्याने लिहून दिलं. बाईंनी आपलं कर्तव्य चोख बजावलं, असंही लिहिलं. जिना उतरल्यावर त्याने दारावरच्या शिपायाला समुद्राकडे जायचा रस्ता विचारला. शिपायाला वाटलं, नुकसान बघायचं असेल. त्याने हात करून दाखवला.

ती बोलेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, धक्का आहे, वेळ द्या. तिने कोणाला काही लिहूनही दाखवलं नाही. काय लिहिणार होती? घर चढावर होतं, वाचलं होतं. नवऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. पाय कशाने मोडला ते त्याला आठवत नव्हतं, पत्रा लागला असेल असं तो म्हणायचा आणि ती मान हलवायची. तो पूर्वीपेक्षा मायेने वागत होता. टॉवेल दोरीवर टाकत होता. फक्त कधी कधी जेवता जेवता घास हातात धरून तिच्या ओठांकडे बघत बसायचा. "एकदा तरी काहीतरी बोल गं," म्हणायचा. "काहीही बोल."

थंडी पडायच्या सुमाराला एक लख्ख दुपार आली. समुद्र आरशासारखा पडला होता, वारा नावाला नव्हता. किती तरी दिवसांनी तिने खोलीची खिडकी उघडली आणि उन्हात खुर्ची ओढून बसली. रात्री तिला झोप लागत नसे. ऊन अंगावर आलं तसा डोळा लागला.

जाग आली तेव्हा नवरा समोरच्या स्टुलावर बसला होता. कुबडी मांडीवर आडवी, अंगात बाहेर जायचा शर्ट, एका पायात बूट.

"थांबलीस का?" तो म्हणाला. "झोपेत किती छान बोलत होतीस."

तिने खिडकीतून खाली पाहिलं. गल्ली माणसांनी भरली होती. शेजारपाजारचे, चढावरचे, वाचलेले सगळे. सगळ्यांची तोंडं तिच्या खिडकीकडे होती, हात सरळ खाली सोडलेले. सगळ्यांत पुढे शेजारणीची नुकती चालायला लागलेली मुलगी उभी होती. तिच्या चपला उलटसुलट पायांत होत्या. त्या तिच्या तिनेच घातल्या होत्या, घाईघाईने.